मजा संपली, तरी गर्द का सुटत नाही?

पत्र : माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून गर्द ओढतो. परवा रडत म्हणाला, ‘ताई, आता त्यात काही मजा नाही गं.’ माझा संताप झाला. मजा नाही तर ओढतोस कशाला? तो खोटं बोलतोय का?
– एक बहीण, नाशिक

उत्तर : नाही हो, तो खरं बोलतोय. घरच्यांना सांगायला सगळ्यात अवघड गोष्ट त्यानं तुम्हाला सांगितली आहे.

गर्द म्हणजे हेरॉइनचाच एक प्रकार. सुरुवातीला मजा आली असणारच. पुढे शरीर सरावतं. तेवढ्याच पुडीनं काही वाटेनासं होतं आणि पुडी चुकली की टर्की लागते: नाक गळतं, हाडं ठणकतात, जुलाब होतात, झोप उडते. मग माणूस नुसता धड उभा राहण्यासाठी ओढतो.

पण टर्कीचा जोर साधारण आठवड्यात ओसरतो. तरी कित्येक महिन्यांनी माणूस पुन्हा तिकडे का वळतो? मिशिगन विद्यापीठातल्या टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये याचा उलगडा मांडला. एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ लागणं, ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. बेरिज यांच्या प्रयोगांत डोपामिन हे मेंदूतलं ओढ लावणारं रसायन जवळपास संपवलेले उंदीर जिभेवर गोड ठेवलं की ओठ चाटत, पण समोरचं अन्न खायला स्वतःहून जात नसत. व्यसनात नेमकं उलटं होतं. आवड विझते, ओढ वाढते. जुना मित्र भेटला, नेहमीचा नाका दिसला, तरी ती उसळते.

म्हणून ‘तू मजा मारतोस’ हे त्याला पुन्हा म्हणू नका. तो आतून तुटतोय आणि त्या वाक्यानं अजून एकटा पडेल. सुटल्यावरही काही महिने त्याला जेवणात, क्रिकेटमध्ये, कशातच राम वाटणार नाही. तेव्हा चिडू नका, त्याला सोबत घेऊन फिरायला जा.

मानसोपचारतज्ज्ञांकडे मात्र आताच न्या. ओढ आवरायला ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे.

आणि एक फार महत्त्वाचं. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडते. त्यानंतर पूर्वीइतकंच घेतलं तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. हे त्याला स्पष्ट सांगा. पुन्हा घेतलंच, तर लपवू नकोस, मला लगेच फोन कर, हेही सांगा.