टीव्हीवर विनोदी कामं करणारी नटी पुढे लेखिका-निर्माती होऊ शकते का? (जळगावात एकांकिका करते, म्हणून विचारतेय)

होऊ शकते की! अमेरिकेतली भारतीय वंशाची नटी-लेखिका मिंडी केलिंग बघ. फक्त तिचं उलट झालं. २००५ साली सुरू झालेल्या 'द ऑफिस' या अमेरिकन विनोदी मालिकेत ती लेखिका म्हणूनच लागली, लेखकांच्या खोलीत एकटी बाई. त्यातल्या केली नावाच्या कर्मचारी मुलीची भूमिका सोबत आली. दुसऱ्याच भागात साहेब भारतीय उच्चारांची भिकार नक्कल करतो आणि केली त्याच्या कानाखाली वाजवते. एवढंच काम, पण लक्षात राहतं. २००६ चा दिवाळीचा भाग मात्र तिनंच लिहिला, घरचा सण थेट ऑफिसवाल्यांच्या गळ्यात! पुढे २०१२ ला 'द मिंडी प्रोजेक्ट' ही मालिका, त्यात लेखन, निर्मिती, मुख्य भूमिका सगळं तिचंच. २०२० च्या 'नेव्हर हॅव आय एव्हर' या मालिकेत तर ती पडद्यामागेच राहिली.

तू भूमिकेची वाट बघत बसू नकोस. वही घे, हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीला कोण कुणाला काय बोललं ते उतरव. अहिराणी असेल तर अहिराणीच ठेव. आमच्या धुळ्याच्या आत्याचं 'काय वं माय' मी एकदा शुद्ध मराठीत केलं होतं, प्रयोगाला एक माणूस हसला नाही.