४ x २ x २ फुटी पहिल्या रीफ टँकसाठी (कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी) कोणता लाइट आणि कोणता स्किमर घ्यावा? बजेट अडीच लाख, राहायला ठाण्यात, सातवा मजला

लाइटचं उत्तर दोन ओळींत देतो, कारण ते तेवढंच आहे. चार फुटांवर एक मोठा लाइट टांगू नका, दोन मध्यम घ्या, म्हणजे कडेला अंधार राहत नाही. पहिल्या वर्षी सॉफ्ट कोरल, झोआ आणि मशरूम हे सोपे, मऊ कोरल एवढंच ठेवणार असाल (आणि एवढंच ठेवा) तर दगडांवर ८० ते १५० पार (कोरलच्या कामाचा किती प्रकाश पोचतो त्याचं माप) मिळाला की काम झालं. दुकानात वॉट विचारू नका, पार विचारा. स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे वरच्या कपात गोळा करणारं यंत्र) तुमच्या पाण्याच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या आणि पैसे देण्याआधी कॅबिनेटची आतली उंची मोजा. कप वर काढायला जागा नाही म्हणून जो महिनोन्महिने धुतलाच जात नाही, असा महागडा स्किमर मी दोन घरांत पाहिलाय.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. प्रश्नासोबत जोडलेल्या तुमच्या खरेदीच्या यादीत मोबाइलवरून चालणारा डोसिंग पंप (मोजून क्षार सोडणारा) आहे, निळ्या प्रकाशाचा फोटो काढायची लेन्ससुद्धा आहे, आणि सगळ्यात खाली ‘प्लंबिंग : १,५००’. ते वाचून पोटात गोळा आला. माझ्या यादीतही ते सगळ्यात खालीच होतं.

मी नेरुळला, सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. २०१९च्या दिवाळीनंतर टँक उभा केला. पाइपिंग थोरल्या भावाने केलं. दादाची अख्खी नोकरी कारखान्यातल्या पाइपिंगमध्ये गेलीय, त्यामुळे घरात साधा नळ गळला तरी त्याच्यासमोर बोलायची कुणाची छाती नाही. संपमधून (टँकखालच्या कॅबिनेटमधल्या टाकीतून) पाणी वर आणणाऱ्या रिटर्न नळीचं नोझल त्याने पाण्याखाली पाच इंच ठेवलं, का तर फ्लो खालपर्यंत पोचतो. मी भीत भीत विचारलं, लाइट गेली आणि पंप थांबला तर याच नळीतून पाणी उलटं संपमध्ये उतरेल ना? तो हसला. ‘एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकलाय. आमच्याकडे तो ॲसिड अडवतो, तुझ्या माशांचं पाणी अडवणार नाही?’ माझ्या समाधानासाठी नोझलला, हवा शिरून सायफन (उलटा ओढला जाणारा प्रवाह) तुटायचं बारीक भोकही पाडून दिलं. पहिल्या दिवशी मेन स्विच पाडून बघितलं, पाणी जागच्या जागी थांबलं. दादाने माझ्याकडे असं बघितलं की पुढचे अकरा महिने मी तो विषय काढला नाही.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. तुम्ही ठाण्यात होतात तर आठवत असेलच. सकाळी दहाच्या सुमारास ग्रीड कोलमडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली. लोकल होत्या तिथे उभ्या राहिल्या. मी घरून काम करत होतो. इन्व्हर्टरवर पंखा आणि वायफाय चालू, त्यामुळे मी निवांत. कानात हेडफोन. अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरून काकूंची हाक आली, ती मात्र हेडफोनमधूनही ऐकू आली.

हॉलमध्ये आलो तर कॅबिनेटच्या दाराखालून पाण्याची पातळ चादर सोफ्याखाली चाललेली. संप काठोकाठ भरून वाहतोय. हिशेब नंतर केला : चार बाय दोन फुटांवर पाच इंच पाणी म्हणजे ९० लिटरच्या वर, संपमध्ये रिकामी जागा ४० लिटरची. उरलेलं ५० लिटर आमच्या फरशीवर आणि फरशीच्या सांध्यांतून खाली. बॉल व्हॉल्व्ह बंद करायला गेलो तर मिठाने घट्ट बसलेला. शेवटी स्टुलावर चढून, जेमतेम पाण्याखाली उरलेलं नोझलच बाहेर उचलून धरलं, तेव्हा गुळूक करून सायफन तुटला.

खाली गेलो. धोंड्याचा महिना चालू होता, काकूंचा जावई वाण घ्यायला येणार होता. तीन दिवस भिजवलेले अनारशाचे तांदूळ त्यांनी हॉलमध्ये पंचावर पसरून सावलीत वाळत घातले होते. बरोबर वर पंख्याचा हुक. हुकाच्या टोकाशी थेंब जमायचा, फुगायचा, आणि पंचाच्या मधोमध पडायचा. काकू काही बोलल्या नाहीत. दोन दाणे उचलून तोंडात टाकले, चावले, आणि म्हणाल्या, ‘खारट.’ तेहतीस अनारशांच्या जागी जावयाला दुकानातली बर्फी गेली. आजही कुणी नवीन माणूस भेटलं की माझी ओळख ‘ह्यांच्या समुद्राने माझे अनारसे बुडवले’ अशीच होते.

या सगळ्या धावपळीत मी टँककडे बघितलंच नाही. दुपारी बघतो तर टँग मासा पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकतोय. वीज आली तोवर तो गेला. सगळे म्हणाले, ऑक्टोबर हीट, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बंद, पाणी तापलं. नाही. साडेचारशे लिटर पाणी तापायला वेळ लागतो, माझा थर्मामीटर जेमतेम २८ दाखवत होता. मासा गेला प्राणवायूने, कारण पाणी साडेपाच तास हललंच नव्हतं. आणि दहा फुटांवर इन्व्हर्टर माझं वायफाय चालवत होता.

म्हणून तुमच्या अडीच लाखांतला पहिला खर्च इन्व्हर्टरचा, आणि तोही साइन वेव्ह, कारण स्वस्त स्क्वेअर वेव्हवर साधे पंप घरघरतात आणि तापतात. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. निम्मेच हाती लागतात असं धरा, तरी २० वॉटचा एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) दीड दिवस चालतो. त्यावर फक्त वेव्हमेकर लावा. चिलर आणि रिटर्न पंप त्यावर चुकूनही नको.

दुसरा खर्च चिलरचा. ‘समुद्रात कुठे असतो चिलर’ असं म्हणणारे तुम्हाला भेटतीलच. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरात दुपारी घरात ३२-३३ असतं आणि कोरलला २५-२६ हवं. पंखे लावून पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण ते बाष्पीभवनावर. जुलैत हवाच ओलीचिंब असते तेव्हा पंखे नुसते फिरतात. चिलर कॅबिनेटमध्ये कोंडू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो. गॅलरीकडे ठेवा. हीटर घेऊ नका.

पाणी : स्वयंपाकघरातल्या आरओवर भागवू नका, चवीसाठी त्यात मुद्दाम टीडीएस (विरघळलेले क्षार) शिल्लक ठेवलेला असतो. उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा टप्पा असलेलं वेगळं युनिट घ्या आणि मीटरवर शून्य येईपर्यंत ऐकू नका. आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या ऑटो टॉपऑफची टाकी मात्र २० लिटरचीच ठेवा. फ्लोट अडकून सगळी टाकी ओतली गेली तरी टँक-संप मिळून ५०० लिटरमध्ये २० लिटर गोडं पाणी, म्हणजे खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५वरून १.०२४वर येईल, मासे शिंकणारही नाहीत. सोयीसाठी शंभर लिटरचा ड्रम जोडलात तर तीच चूक टँकवर बेतू शकते.

आणि रिटर्न. नोझल पाण्याखाली एक इंच, जास्त नाही. एक इंच म्हणजे १८-१९ लिटर, ते संपमध्ये आरामात मावतं. सगळं चालू असताना मेन पाडा, पंधरा मिनिटं उभे राहा, संपमधलं पाणी जिथवर चढलं तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर अजून चार बोटं जागा राहिली पाहिजे. मी हे दर संकष्टीला करतो, म्हणजे विसरत नाही. बायको म्हणते चंद्रोदयाला अंधार करणारा तू एकटाच.

एनआरव्ही? टाका हवा तर, पण तो नाहीच असं समजून बाकीचं बांधा. दादाचं म्हणणं आजही असं की व्हॉल्व्ह चांगलाच होता, ‘तू साफ केला नाहीस.’ बरोबर, नाही केला. पण कारखान्यात वर्षाला शटडाऊन असतो, फिटर असतो, रजिस्टरवर सही असते. माझ्याकडे मी असतो. घर कोरडं राहायला मला एखादी गोष्ट आठवणीने खरवडावी लागत असेल तर ती घराची राखण करत नाही, मी तिची करतो. नोझलची उंची कुणी साफ करावी लागत नाही. सायफनचं भोक तर बुजतंच : माझं गुलाबी कोरलाइन शेवाळाने असं लिंपलं होतं की कुठे होतं ते शोधावं लागलं. हे मी दादाला पाच दिवाळ्या सांगतोय. तो फराळ संपवतो आणि ‘स्प्रिंगवाला टाकू’ म्हणतो.

राहिलेलं पटकन. भरलेला टँक, संप, दगड, कॅबिनेट मिळून पाऊण टनाच्या आसपास जातं. घरांच्या स्लॅबचं डिझाइन साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून असतं, म्हणून टँक बीमवरच्या भिंतीला लागून ठेवा आणि सातव्या मजल्यावर तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खरं तर हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. विजेचा बोर्ड संपच्या पातळीपेक्षा वर पण बाजूला, प्रत्येक वायरला खाली झोल (ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता तिथून खाली पडतं), आणि ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). त्या दिवशी पाण्यापासून वीतभर अंतरावर इन्व्हर्टरचा जिवंत पॉइंट होता, ते आठवलं की अजून हात गार पडतात. हीटर नको म्हटलं, पण रात्रभर एसी १८वर ठेवून झोपणारे असाल तर लागेल. आणि ‘अंदमानचा माल’, ‘मालवणचा माल’ म्हणून कुणी कडक कोरल स्वस्तात दाखवला तर हात लावू नका : रीफ बांधणारे कोरल २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही. आयातीची कागदपत्रं मागा, नाही दिली तर निघून या.

तो व्हॉल्व्ह मी टाकलेला नाही. त्याच संध्याकाळी उघडला होता. फ्लॅप आणि सीटच्या मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा एक शंख आडवा बसलेला. दादा म्हणतो, तो उघडताना आत पडला असेल. शंख औषधाच्या बाटलीत ठेवलाय आणि रबरावर त्याचा खळगा आहे, बरोबर त्याच मापाचा. दादा, हे वाचत असशील तर रविवारी ये, लावून दाखवतो.