गाडी-गिडी : फुल आवळलं म्हणजे बरोबर आवळलं असं नाही

प्रश्न : माझी नऊ वर्षं जुनी हॅचबॅक, रोज कोल्हापूर ते गगनबावडा येणं-जाणं. दिवाळीत दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) ओरिजिनल टाकले, तरी सहा महिन्यांत बुश (त्यांच्या सांध्यातलं रबर) फाटून परत खटखट. मेकॅनिक म्हणतो मी गननं (मशीनच्या पान्यानं) फुल आवळलेलं, पार्टच खराब निघाला. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला आवळणारा) घेऊन घरीच करू काय?
(एक वाचक, फुलेवाडी)

उत्तर : पार्टला लगेच शिव्या देऊ नका. गाडी न बघता छातीठोक सांगता येत नाही, पण मला पहिला संशय येतोय तो गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि तशातच बुशचा बोल्ट फायनल आवळलाय याचा. बहुतेक गाड्यांत बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्टनं गच्च पकडली जाते, ती फिरतच नाही, आर्म वरखाली होतो तेव्हा फक्त रबर पिळतं, मग लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली उतरल्या उतरल्या रबराला पीळ बसला, पार्किंगमध्ये उभी असली तरी पीळ तसाच, ओला टॉवेल पिळून ठेवल्यागत, आणि वर तुमच्या रस्त्याचे खड्डे. फाटणार नाही तर काय होईल!

म्हणून बोल्ट नुसता हातानं बसवायचा, गाडी चाकांवर उतरवायची, बॉनेट दोन-चारदा दाबून सोडायचं आणि मग पिटात उतरून टॉर्क द्यायचा. नंतर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवून घेणं), ते चुकवू नका.

टॉर्कचा आकडा मात्र तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, त्याला ९.८ नं गुणलं की न्यूटन-मीटर. पाना जरूर घ्या, पण "टक" वाजलं की थांबायचं, खात्रीसाठी अजून एक हिसका मारायची खोड लई जणांना असते (मलाही होती). त्या पान्यानं नट खोलायचे नाहीत, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं. उद्यमनगरातले एक मिस्त्री टॉर्क देऊन झाला की नटावरनं बोल्टवर पिवळ्या पेंटची रेघ ओढतात, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की समजायचं नट फिरलाय. दहा रुपयांचं काम, तेवढं कराच.

प्रश्न : टाय रॉड एंडच्या (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या) नटाची खाच आणि स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालतात त्या पिनचं) भोक जुळेना म्हणून नट जरा मागं घेतला. चालतंय न्हवं?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही चालत. आधी टॉर्क, मग भोक जुळेपर्यंत पुढंच फिरवायचं, मागं कधीच नाही. ढिला राहिला तर आतला निमुळता भाग हलून झिजतो, आणि हे स्टिअरिंग आहे हो! पिन दरवेळी नवी, नायलॉनवाला नट असेल तर तोही नवा.

प्रश्न : आट्यांना ऑइल लावून आवळलं तर चांगलं ना?
(एक वाचक, कागल)

उत्तर : मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. आपण लावलेल्या जोरातला ९० टक्क्यांच्या आसपास जोर घर्षणातच जातो, ऑइलनं घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. आटे ब्रशनं साफ करा, कोरडे ठेवा.