‘तास वाजे झणाणा’ मधला तास कोणता?

रामदासांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या ‘घटका गेली पळे गेली तास वाजे झणाणा’ या ओळीबद्दल एका वाचकाने विचारले आहे. पळ 24 सेकंदांचे, घटका 24 मिनिटांची. मग घटका-पळांच्या जोडीला 60 मिनिटांचा तास कुठून आला, आणि तो ‘वाजतो’ कसा? ‘घटका भरली’ म्हणताना नेमके काय भरते, हेही त्यांना हवे आहे.

या ओळीतला तास हे कालमापन नाही, ती वस्तू आहे: टांगलेली धातूची थाळी. फारसीत ‘तास’ म्हणजे वाडगा, पसरट भांडे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीतल्या फिरोजाबादेत वेळ वाजवण्याची जी व्यवस्था बसवली, तिचे नावच ‘तास-घडियाल’ होते. थाळीवर ठोका पडला की ‘तास वाजला’. पुढे चाकांची घड्याळे आली, ठोके 60-60 मिनिटांनी पडू लागले आणि दोन ठोक्यांमधल्या वेळेलाच आपण तास म्हणू लागलो. तेवढ्या वेळेला ज्योतिषात ‘होरा’ हा शब्द होता, तो मूळचा ग्रीक. पण बोलण्यात रुळला तो तासच. वाजणारी वस्तू विस्मरणात गेली, तरी ‘किती वाजले?’ आपण अजून विचारतो.

ही थाळी कशी असे, ते बाबराने आपल्या आठवणींत बारकाईने लिहून ठेवले आहे. परातीएवढी रुंद, दोन बोटे जाड पितळी थाळी उंच जागी टांगलेली, आणि जवळ पाण्यात तळाला भोक असलेले भांडे. भांडे एकदा भरले की एक ठोका, दुसऱ्यांदा भरले की दोन, असे मोजत जायचे. प्रहर, म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा चौथा हिस्सा, संपला की भराभर पुष्कळ ठोके, मग जरा थांबून प्रहराच्या आकड्याइतके ठोके. ‘झणाणा’ हा नाद मला या भराभर ठोक्यांना अगदी चपखल वाटतो. बाबराला यात एक अडचण दिसली. रात्री जाग आली आणि तीन-चार ठोके ऐकू आले, तर घटका कळायची पण प्रहर कळायचा नाही. म्हणून घटकेचे ठोके झाले की दर वेळी प्रहराचेही ठोके द्यावेत, असा हुकूम त्याने काढला.

आता घटका. घटी, घटिका म्हणजे लहान घट. घडी आणि घड्याळही याच घरातले. ‘घटका भरली’ म्हणताना भरते ते हे भांडेच. ‘सूर्यसिद्धान्त’ या जुन्या ज्योतिषग्रंथातले वर्णन एका श्लोकाचे आहे: तळाला भोक असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवावे, ते अहोरात्रात 60 वेळा बुडते. 24 तासांचे 60 भाग केले की 24 मिनिटे येतात. घटकेचे 60 भाग म्हणजे पळे, पळाचे 60 भाग म्हणजे विपळे. एक विपळ 0.4 सेकंदाचे.

पळ हे वजनाचेही माप होते, आणि हा योगायोग नव्हे. लल्ल या जुन्या ज्योतिर्विदाने दिलेल्या मापांनुसार पात्र 10 पळे वजनाच्या तांब्याचे, अर्धगोल, 6 अंगुळे (बोटाच्या रुंदीचे माप) उंच, आणि त्यात 60 पळे पाणी मावणारे. म्हणजे एका पळात सरासरी एक पळ पाणी आत येणार. म्हणूनच कालवाचक पळाला ‘पानीयपल’ असेही म्हणत. भोकाचे मापही ठरलेले: सव्वातीन मासे (सोने तोलायचे लहान वजन) याहून किंचित जास्त सोन्याची 4 अंगुळे लांब तार काढायची आणि ती जेमतेम जाईल एवढे भोक पाडायचे.

भास्कराचार्यांना हे पटले नाही. अशी मापे युक्तीला धरून नाहीत आणि साधायलाही कठीण, असे त्यांचे म्हणणे. त्यांची रीत साधी आहे. पात्र कसेही घडवा, दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. समजा 72 वेळा बुडाले, तर 3600 पळे भागिले 72, म्हणजे हे पात्र 50 पळांचे, आजच्या हिशेबाने 20 मिनिटांचे. भोकाचा आकार मोजत बसण्यापेक्षा यंत्राचे काम मोजा, हा विचार बाराव्या शतकातला आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

भोकातून पाणी बाहेर गळणाऱ्या भांड्यापेक्षा हे बुडणारे पात्र सरस का? गळणाऱ्या भांड्यात पातळी उतरते तशी धार मंदावते. तरंगत्या पात्रात मात्र त्याचे वजन पेलायला बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा ठरावीक उंच राहावे लागते. भिंती सरळ असतील तर हा फरक जवळजवळ कायम राहतो आणि पाणी एकसारखे आत येते. अर्धगोलात तो थोडा बदलतो, पण पात्र पूर्ण बुडायला लागणारा वेळ दर खेपेला तोच.

बिघडते ते भोकापाशी. कचरा अडकला, क्षार साचले की घटका लांबते. चिंचेने घासून घासून भोक रुंदावले की आखूड होते. सूर्यसिद्धान्तात पाणी ‘अमल’, म्हणजे निर्मळ, हवे म्हटले आहे ते उगीच नाही. थंड पाणी जास्त चिकट असते: 10 अंशांचे पाणी 30 अंशांच्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक. म्हणून बारीक भोकाचे पात्र थंडीच्या पहाटे मागे पडते. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नघटकेची गोष्टही भोकाचीच: मोती पडून भोक बुजले आणि मुहूर्त टळला. ही आख्यायिका अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतली आहे, तिला इतिहास समजू नये.

जाता जाता प्रहराबद्दल. प्रहर म्हणजे 3 तास, असे सरसकट सांगतात. ते विषुवदिनापुरते खरे. प्रहर म्हणजे दिनमानाचा किंवा रात्रिमानाचा चौथा हिस्सा. मुंबईत जूनअखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, म्हणजे प्रहर जवळजवळ 3 तास 19 मिनिटांचा. डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा, प्रहर पावणेतीन तासांचा. घटका मात्र बारा महिने 24 मिनिटांचीच. म्हणून उन्हाळ्यातल्या दिवसाच्या प्रहरात घटका जास्त बसतात, हिवाळ्यात कमी.

जुन्या पद्धतीच्या पंचांगात तिथीपुढे ती संपण्याची घटी-पळे छापलेली असतात, ती सूर्योदयापासून मोजायची. तास काढायला घटींना 2 ने गुणून 5 ने भागा. 22 घटी 30 पळे म्हणजे साडेबावीस घटी. दुप्पट 45, भागिले 5, बरोबर 9 तास. त्या दिवशी सूर्योदय 6 वाजून 30 मिनिटांनी असेल, तर तिथी दुपारी साडेतीनला संपली. सूर्योदय पंचांग ज्या गावचे असेल तिथलाच धरावा. मुंबईच्या पंचांगातल्या घटी नागपूरच्या सूर्योदयापासून मोजल्या, तर सुमारे घटकाभराचा फरक पडतो.