वाटाण्याची वेल माजते, शेंगा धरत नाहीत: काय करावं?

प्रश्न (पुरंदर तालुक्यातून): एक एकर मध्यम जमीन आहे. गेल्या खरिपात वाटाण्याला दोन ट्रॉली कोंबडीखत टाकलं, वर एक गोणी युरिया दिला. वेल भरपूर वाढली, पण शेंगा थोड्या आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) जास्त. रान कडक झालंय, पाणी लवकर मुरत नाही. यंदा सगळं सेंद्रिय करायचं म्हणतोय. काय आणि किती द्यावं? जीवामृतावर (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या पाण्यावर) भागेल का?

उत्तर: दादा, तुमच्या वाटाण्याला खत कमी पडलं नाही, नत्र जास्त झालं. युरियाच्या एका गोणीत सुमारे २० किलो नत्र असतं आणि कोंबडीखतातलं नत्र पिकाला चटकन लागू होतं. वाटाणा मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतलं नत्र मिळवतो. ते आयतं मिळालं की गाठी धरायचं तो टाळतो आणि सगळा जोर पाल्यावर जातो. दाट, लुसलुशीत पाल्यावर भुरी लवकर येते. म्हणून यंदा युरिया नको, कोंबडीखतही नको. ते घरात पडून असेल तर काडीकचऱ्यात मिसळून कुजवा आणि कांद्याला वापरा.

रान भुसभुशीत व्हायला एकरी ५ टन चांगलं कुजलेलं शेणखत द्या. ट्रॉली किती भरता त्यावर आहे, पण साधारण दोन ट्रॉल्या होतील. मृगाआधी पसरा आणि त्याच दिवशी कुळवाने मातीत मिसळा, उन्हात वाळू देऊ नका. खत कुजलंय का, हे ढिगात पहार खुपसून बघा. थोड्या वेळाने काढलेली पहार हाताला गरम लागली तर खत अजून कच्चं आहे. मुठीत दाबल्यावर शेणाचा नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला हवा. कच्च्या खताने हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही आपण हाताने शेतात नेतो, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुठेतरी बघतो.

आता स्फुरदाचा (फॉस्फरसचा) हिशेब. शेणखतात ते ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५ टनांत जेमतेम १० किलो, आणि तेही पहिल्याच हंगामात सगळं लागू होत नाही. गाठींना आणि शेंगांना स्फुरद लागतंच. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी हट्ट धरू नका. एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून द्या. त्यातून ८ किलो स्फुरद मिळेल, शिवाय गंधकही. पूर्ण सेंद्रियच करायचं असेल तर पुढच्या वर्षासाठी आत्ताच शेणखताच्या खड्ड्यात रॉक फॉस्फेट थरांनी घाला. थेट शेतात टाकू नका, आपल्या चुनखडीच्या रानात ते विरघळत नाही.

जीवामृत जरूर द्या, पण त्यावर भागणार नाही. त्यात अन्नद्रव्यं फार थोडी असतात. रानात सेंद्रिय पदार्थ असेल तर जिवाणूंना त्याचा उपयोग होतो.

बीजप्रक्रिया चुकवू नका. वाटाण्याचंच रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) घ्या, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं इथे चालत नाही. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत. गुळाचं पाणी थंड करून त्यात कालवा, बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

पेरणीनंतर २५-३० दिवसांनी खुरप्याने मातीसकट चार-पाच रोपं काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. बादलीत मुळं हलकेच धुवा आणि नखाने एक गाठ फोडा. आत गुलाबी दिसली तर नत्राची सोय झाली, वरून काही देऊ नका. पांढरी किंवा हिरवट असेल तरी युरियाची गोणी फोडू नका. आधी सरीत पाणी साचतंय का ते बघा आणि चर काढून द्या, कारण गाठींना हवा लागते.

शेवटच्या तोडणीनंतर वेल विळ्याने जमिनीलगत कापा. पाला जनावरांना घाला, मुळं मात्र रानातच राहू द्या. पुढच्या ज्वारीला ती उपयोगी पडतील.