फ्रेश वासाचं महागडं परफ्यूम बनवताना परफ्यूमर नेमका काय विचार करतो? लिंबू-संत्र्याचा वास तर अर्ध्या तासात उडून जातो ना?

खरी अडचण तुम्ही प्रश्नातच पकडलीये. मी सुगंधाच्या लॅबमध्ये काम करतो, फॉर्म्युल्याप्रमाणे माल तोलून मिसळायचा आणि मग ब्लॉटरवर (वास घ्यायच्या कागदी पट्टीवर) तासातासाने वास घेत बसायचं हे रोजचंच, त्यामुळे जरा लांबण लागेल.

लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) यांच्या सालीच्या तेलात लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य भरपूर असतं आणि ते भराभर उडतं. तेल दुप्पट घातलं तर सुरुवात जोरात होते, पण टिकत काही नाही. वर आपल्याकडे नुसत्या लिंबाचा वास आला की लोकांना भांड्यांचा साबण आठवतो, मग हजारो रुपयांच्या बाटलीत तो चालेल कसा? म्हणून चांगल्या कामात बर्गमॉट जास्त, इटलीतल्या कालाब्रियाचं. त्यात लिमोनीनच्या जोडीला लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ही सुगंधी द्रव्यं असल्यामुळे आंबटपणाला थोडी फुलांची मऊ बाजू येते.

पण माझ्या मते फ्रेश परफ्यूमचा खरा कस लागतो तो लिंबू उडून गेल्यावर. तेव्हा खाली जे उरतं ते जड, गोड असेल तर सगळं संपलं. १९६६ मध्ये एदमों रुदनित्स्का या परफ्यूमरने दिओर या फ्रेंच ब्रँडसाठी 'ओ सोव्हाज' हे परफ्यूम केलं त्यात हेडिओन वापरलं, चमेलीच्या तेलात सापडणाऱ्या एका रेणूचा हा भाऊबंद. एकटं हुंगलं तर वास अगदी हलका, पहिल्यांदा हुंगणाऱ्याला वाटतं यात काहीच नाहीये, पण फॉर्म्युल्यात घाला आणि बघा, सगळं मोकळं होतं, हवा खेळायला लागते, आणि हे तासन् तास राहतं. आज फ्रेश परफ्यूम म्हटलं की लॅबमध्ये हेडिओनची बाटली आधी हातात येते.

वाळ्याचंही तसंच. एरवी आपण वाळा मातीसारखा, थंड म्हणून ओळखतो, माठात टाकतो, पण चांगल्या वाळ्याच्या तेलात ग्रेपफ्रूटसारखी एक बाजू असते. एर्मेस या फ्रेंच ब्रँडच्या २००६ च्या 'तेर द एर्मेस' या परफ्यूममध्ये ज्याँ-क्लोद एलेना या परफ्यूमरने वर संत्रं-ग्रेपफ्रूट आणि खाली वाळा-सीडर ठेवलंय, म्हणजे वरचं उडालं तरी त्याची आठवण खालून येत राहते. मला हे काम फार आवडतं.

एलेनाचंच अजून एक सांगतो. २००५ मध्ये त्याने एर्मेससाठी 'अँ जार्दँ स्युर ल नील' केलं, त्यासाठी तो इजिप्तमध्ये आस्वानला गेला होता आणि तिथे त्याला झाडावरच्या कैरीचा वास भावला. आता कैरीचं तेल काही काढून मिळत नाही, तो वास दुसऱ्याच मालातून उभा करावा लागतो, आणि सोबत कमळ आणि वेखंड. हो, आपलं बाळगुटीतलं वेखंडच! आपल्याला चीक असलेल्या ताज्या कैरीचा वास पाठ असतो म्हणून आपण हे परफ्यूम जास्त कडक तपासतो, तरी मला ते पटतं. हा माणूस दोनशेच्या आसपासच मालावर काम करायचा, परफ्यूमरच्या फळीवर हजाराच्या वर बाटल्या असतात तिथे. फ्रेशमध्ये कमी माल लागतो कारण गर्दी झाली की वास गढूळ होतो, आणि कमी मालात प्रत्येकाचा दर्जा उघडा पडतो, झाकायला काही नसतं.

स्वस्तातलं फ्रेश बहुतेक वेळा डायहायड्रोमिरसेनॉल या फ्रेश वासाच्या रसायनावर चालतं. वाईट माल नाहीये तो, १९८८ च्या 'कूल वॉटर' या परफ्यूमचा कणाच तो, पण कपड्यांच्या पावडरीत आणि साबणातही तोच असल्यामुळे प्रमाण चुकलं की बाथरूमची आठवण होते.

किमतीचं म्हणाल तर सगळा पैसा आतल्या तेलाचा अजिबात नसतो, बाटली, जाहिरात, दुकानाचं भाडं यातच बराचसा जातो, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यामुळे काउंटरवरच्या पहिल्या फवाऱ्यावर कधीच निर्णय घेऊ नका, तिथे सगळीच छान वाटतात. मनगटावर मारा, चोळू नका, बाहेर उन्हात-घामात दोन तास फिरून या आणि मग हुंगा. तेव्हाही मोकळं, स्वच्छ वाटलं तरच पैसे द्या.