सोलापुरात छोटी खानावळ सुरू करायची तर परवान्याचा आणि तपासणीचा खर्च किती?

कडक भाकरी, शेंगा चटणीची घरगुती खानावळ असेल तर मुख्य कागद एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा. 2011 च्या मूळ नियमावलीप्रमाणे वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असल्यास नुसती नोंदणी लागायची, वर्षाला 100 रुपये. त्याच्या वर राज्य परवाना, हॉटेलसाठी वर्षाला 2000 रुपये होते. अर्ज एफएसएसएआयच्याच फॉसकॉस (FoSCoS) या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या होतो, म्हणून एजंटला हजारो रुपये मोजू नका. मला याचीच जास्त चीड येते, 100 रुपयांच्या कामात गरिबाचं भांडवल जातं. अर्ज करताना मात्र आजचे दर आणि मर्यादा पोर्टलवर बघूनच पैसे भरा.

तपासणीचं म्हणाल, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या हातात फी म्हणून रोख द्यायची नसते. उलट, त्याने पदार्थाचा नमुना घेतला तर 2006 च्या कायद्याप्रमाणे बाजारभावाने त्याची किंमत त्यानेच तुम्हाला द्यायची असते! हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

महापालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा, त्याची चौकशी महापालिकेत करा. आणि पैसे कुठेही भरा, पावती घेतल्याशिवाय हलू नका. एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक बिलावरही छापावा लागतो, 1 जानेवारी 2022 पासून.